बस्सानोची झाडं

रविवार, रात्र

सकाळी लेकीला क्लासला सोडलं आणि परत येताना रस्त्याकडेच्या झाडांकडे नजर जात राहिली. काल रात्रीपासून इटलीच्या राजकारणातली तीना अन्सेल्मी डोक्यातून जात नाही. लेक आता सतरा वर्षांची. तीनाही तेव्हा सतराचीच होती.

२६ सप्टेंबर १९४४. उत्तर इटलीतलं बस्सानो देल ग्राप्पा. तीना तिथे शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. नाझी आणि त्यांच्या इटालियन फासिस्ट साथीदारांनी पकडलेल्या ३१ जणांना रस्त्याकडेच्या झाडांना फासावर लटकवलं आणि शाळेतल्या मुलांना तिथे नेऊन ते बघायला लावलं. मुलं घरी जाऊन सांगतील, आईबापांच्या पोटात गोळा येईल, गाव गप्प बसेल, असा हिशेब.

तीनाच्या बाबतीत हिशेब चुकला. ती नाझी-फासिस्टांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत सामील झाली. टोपणनाव गाब्रिएल्ला, काम सायकलवरून निरोप पोचवण्याचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लपूनछपून लढणाऱ्या तुकड्या एकमेकींशी जोडलेल्या राहिल्या त्या अशा मुलींमुळे, आणि झडतीत एक चिठ्ठी सापडली तरी पुढे छळ किंवा मरण होतं. तिचे वडील समाजवादी, फासिस्टांचा जाच त्यांनीही सोसलेला.

अशा गोष्टी बहुतेकदा युद्ध संपलं की थांबतात. मला मात्र तिचं त्यानंतरचं आयुष्य जास्त मोठं वाटतं. कापड गिरण्यांतल्या बायकांसाठी कामगार संघटनेत काम, १९६८ला संसदेत, १९७६ला कामगारमंत्री. इटलीच्या इतिहासातली पहिली महिला मंत्री. पुढच्याच वर्षी नोकरीत स्त्री-पुरुषांना समान वागणूक देणारा कायदा आला. १९७८मध्ये ती आरोग्यमंत्री असताना सगळ्या नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. झाडाखाली उभं करून माणसाची किंमत शून्य आहे असं जिला दाखवलं गेलं, तिने दिलेलं हे उत्तर आहे असं मी मानते.

आणि मग १९८१. लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या जागेवर धाड पडली आणि ‘पी-२’ या गुप्त मंडळाची यादी हाती लागली. साडेनऊशेच्या वर नावं: मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख, बँकवाले, पत्रकार. हा जेल्ली तरुणपणी हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने स्पेनमध्ये लढून आलेला. चौकशी समितीचं अध्यक्षपद तीनाकडे दिलं ते निल्दे योत्ती यांनी. संसदेच्या सभापती, कम्युनिस्ट, आणि त्याही प्रतिकार चळवळीतूनच आलेल्या. तीना ख्रिस्ती लोकशाही पक्षाची, आणि यादीत तिच्या पक्षाचेही लोक होते. तरी तिने अहवाल पुरा केला. जे झाकलेलं होतं ते आता तिने देशाला बघायला लावलं.

जेवताना लेकीला हे सांगावं की नाही, ठरत नव्हतं. झाडांचं तर नकोच, असं वाटत होतं. शेवटी सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आई, मग ती परत शाळेत गेली?”

गेली, म्हटलं. पुढे प्राथमिक शाळेत शिकवायलाही लागली.