धुकं, ऊस आणि पुणे-कोल्हापूर रस्ता

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरला जायचं असलं की मी गूगल मॅप बघते खरी, पण भरवसा ठेवते तो कराडच्या मामांवर. खंबाटकीत गाड्या तुंबल्यात का, हे मॅप सांगतो. कोयनेच्या पुलावर धुकं उतरलंय का, ते नाही सांगत. पहाटे फोन केला की मामा अंगणात जाऊन बघून येतात. "आगं, समोरची चिंच दिसंना. आठच्या आत पुणं सोडू नको." ती चिंच फाटकापासून पन्नासेक मीटरवर आहे. हवामान खातंही 50 मीटरच्या खाली दिसेनासं झालं की त्याला अति दाट धुकं म्हणतं, त्यामुळे मामांचं माप अगदीच गावठी नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून हिवाळा म्हणजे गाडी चालवायला सुखाचा काळ असं पुष्कळांना वाटतं. पण रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि दोन्ही अंगाला पाणी पाजलेला ऊस असला की जमिनीलगतची ओली हवा गार होते आणि सखल जागी धुकं साचतं. भुईंजला कृष्णा, कराडला कोयना, शिरोलीला पंचगंगा. मधल्या पट्ट्यात लख्ख ऊन, म्हणून माणूस ऐंशीनं येतो आणि तसाच पुलावर शिरतो. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पुढचं पन्नास मीटर दिसत असेल, तर हातात किती वेळ उरला ते बघा.

धुक्यात अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांबचा झोत, लावणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. तो उजेड थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. डिपर, म्हणजे खालचा झोत, आणि असले तर फॉग लॅम्प, एवढंच. आतली काच धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडायची. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय ते कळत नाही. अगदीच दिसेना झालं तर पेट्रोल पंपात नाहीतर हॉटेलच्या आवारात शिरायचं. साइडपट्टीवर उभं राहणं सगळ्यात वाईट, मागून येणारा पांढरी पट्टी धरूनच येत असतो. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात जिथं डायव्हर्जन आहेत, तिथं तर ती पट्टीही भलतीकडे नेते.

पण खरं सांगू? सकाळच्या धुक्यापेक्षा मला परतीची संध्याकाळ जास्त नको वाटते. गळीत हंगामात दिवसभर उसाच्या फडात तोड चालते आणि भरलेल्या ट्रॉल्या अंधार पडता पडता रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावतात, पेपरात फोटोही येतो. पुढे त्यावर चिखल बसतो, वरून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबतात. वळसा वाचवायला कुणी सर्व्हिस रोड सोडून उलट्या बाजूनंही येतो. ड्रायव्हरला दोष देऊन भागत नाही. खेपेवर पैसे मिळत असतील तर तो दिवा दुरुस्त करायला कशाला थांबेल?

म्हणून अंधारात मी ट्रॉलीचा दिवा शोधतच नाही. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे कशाच्या तरी मागे एकदम गडप झाले, की तिथं ऊस आहे असं धरून पाय ब्रेकवर नेते. साखर कारखान्याच्या फाट्याजवळ वजनकाट्यासाठी थांबलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते, तिथं आधीच उजवी लेन धरते. बंद पडलेली ट्रॉली दिसली तर पुढे सुरक्षित जागी थांबून 1033 ला फोन करते; राष्ट्रीय महामार्गासाठीचा तो नंबर आहे, जवळचा किलोमीटरचा दगड सांगितला की काम लवकर होतं.

आणि थंडी कितीही असो, काच दोन बोटं खाली. बहुतेक ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर असतात. गाणं आधी ऐकू येतं, ट्रॉली नंतर दिसते.