फुटलं नव्हतं, मग कापलं कशाला?

लग्नात, बसस्टँडवर, अगदी दहाव्याच्या पंगतीतसुद्धा परभणीची माणसं मला एकच विचारतात, "सर, फुटलं नव्हतं तर डोकं उघडलं कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सांगतो.

मेंदूत गाठ नव्हती, रक्ताच्या नसांचा गुंता होता. धमनीतलं रक्त मधल्या केशवाहिन्या सोडून थेट शिरेत घुसायचं, आणि शिरेची भिंत त्या दाबाची नसते. वर्गात फीट आली म्हणून एमआरआय केला, तेव्हा दिसला. अडीच सेंटिमीटरचा, डावीकडे, बोलण्याच्या केंद्राला खेटून.

मी गणिताचा मास्तर. फुटायची शक्यता वर्षाला 2 ते 4 टक्के, असं डॉक्टर म्हणाले. मी एमआरआयच्या पाकिटावरच हिशोब मांडला. 2 टक्के धरले तरी 35 वर्षांत निम्म्याला पोचतं. गॅमा नाइफही होतं, म्हणजे कवटी न उघडता बाहेरून किरण सोडायचे, पण त्यानं गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर धोका तसाच. घाई डॉक्टरांनी नाही, मी केली.

संभाजीनगरला आधी जांघेतून नळी घालून काही नसा आतून बुजवल्या, मग कवटी उघडून गुंता काढला. तिसऱ्या दिवशी आईनं डब्यातली भाकर माझ्यापुढं धरली. "बाबू, हे काय हाय?"

"घड्याळ."

चुकलं ते मला कळलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा घड्याळच. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची पोरगी फिस्सकन हसली. आई म्हणाली, "हं, घड्याळच हाय. खा." आणि दुधात कुस्करून एकेक घास भरवायला लागली. मी रडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. रडलो होतो.

बोलणं बरंचसं परत आलं. पण 'छेद' आणि 'अंश' अजून उलटे येतात. पोरं दुरुस्त करतात.

नंतर अरुबा नावाचा अभ्यास वाचला, 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. न फुटलेल्या गुंत्याला हात न लावता नुसती औषधं घेतलेल्यांत मृत्यू आणि मेंदूचे झटके कमी निघाले. पण तो सरासरी 33 महिन्यांचा, मला अजून 35 वर्षं काढायची होती, असं मी बायकोशी तावातावानं भांडतो. ती ऐकून घेते. 'महिने' म्हणताना मी 'मैल' म्हणालो, हे ती सांगत नाही.

ते पाकीट अजून कपाटावर आहे. मधूनमधून काढून गणित पुन्हा करतो. उत्तर तेच येतं. भाकर त्यात कुठं मांडायची होती, तेवढं सापडत नाही.