भाड्याने द्यायला नवी मुंबईत फ्लॅट घ्यायचाय: घणसोली, तळोजा, उलवे फिरून आलो

ठाण्याहून सकाळच्या गर्दीत पनवेल लोकल पकडली, मुद्दाम गर्दीतच, कारण ऐरोली, रबाळे, घणसोलीला जो लोंढा उतरतो ना तोच आपला भाडेकरू. आयटीवाले, महापे एमआयडीसीवाले, दोघंतिघं मिळून वन बीएचके घेणारी पोरं. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत पोचणारं घर इथे रिकामं पडत नाही असं दोन-तीन एजंट वेगवेगळे भेटूनही एकच सांगत होते. फक्त गावठाणातले स्वस्त फ्लॅट बघून भुलू नका, बऱ्याच बिल्डिंगींना ओसी (राहायला परवानगीचा दाखला) नसते, मग लोन पण नाही आणि विकताना गिऱ्हाईक पण नाही.

मग बेलापूरहून मेट्रोने पेंधर, म्हणजे तळोजा. ही लाईन नोव्हेंबर २०२३ ला चालू झाली आणि तळोज्याला खरंच जीव आला. खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर आहे, तिथे पेशंटचे नातेवाईक महिना-दोन महिन्यांसाठी पण घर शोधतात, सोसायटी एवढ्या कमी मुदतीला चालू देते का आधी विचारा. तळोज्याला मात्र रात्री जाच. एमआयडीसीचा वास किती येतो ते तेव्हाच कळतं, आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा, अर्धी बिल्डिंग अंधारात म्हणजे तुमच्यासारखेच मालक भाडेकरू शोधतायत. टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा, एजंटला नाही.

उलव्याला सगळे एअरपोर्ट आणि अटल सेतूच दाखवतात. मला तरी वाटतं ते दोन्ही किमतीत आधीच धरलेत, भाड्यात अजून नाही. लोकल पण कमी, बामणडोंगरी स्टेशनवर उभं राहून बघा.

हिशोब असा करा. समजा फ्लॅट ६० लाख, भाडं १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, ३ टक्के. त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, एखादा रिकामा महिना, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो), तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर सोसायटीला घेता येत नाही हे लक्षात ठेवा. सिडकोची जमीन लीजवर असते, रीसेल घेताना ट्रान्सफर चार्ज कोण भरणार ते टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करणं कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे.

आम्ही तरी आता घणसोलीतच, ओसीवाल्या बिल्डिंगीत शोधतोय.