समुद्राकडे पाठ फिरवून: धामापूर, वालावल आणि पाटची तळी

मालवणला निघालेली बहुतेक मंडळी कुडाळ स्टेशनवर उतरली की थेट किनारा गाठतात. वाटेत नेरूरपारचा पूल आणि काळसे गाव मागे पडलं की धामापूरचा तलाव लागतो. तिथे गाड्या थांबतात, भगवतीचं दर्शन होतं, पायऱ्यांवर फोटो होतात आणि गाड्या पुढे जातात. आम्ही यंदा डिसेंबरात ठरवलं की समुद्र बघायचाच नाही. मुक्काम कुडाळ परिसरात ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ तळ्यांच्या काठाने चालायचं आणि दुपारी झोपायचं. कोकणात इतके वेळा येऊनही एवढं भरभरून हाती लागलं नव्हतं.

धामापूरपासून सुरुवात करा. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, तो बांधलेला आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून पाणी अडवलं. धामापूर आणि काळसे या गावांची शेती त्यावर उभी राहिली. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. जवळपास पाचशे वर्षं झाली, तरी तलाव आजही राबतोय. पावसानंतर कोकणातली बरीच शेतं कोरडी पडतात, पण जिथे असं पाणी आहे तिथे वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचा दुसरा भात होतो. भाताच्या ओल्या कोपऱ्यांत बगळे आणि वंचक येतात, बांधाच्या कडेला खेकडे राहतात आणि खेकड्यांच्या मागे पाणमांजर येतं. गावाने पाणी वापरलं म्हणून जनावरं टिकली, हे त्या बांधावर उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं.

मंदिराच्या जांभ्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. जुन्या लोकांकडून एक गोष्ट ऐकायला मिळते. घरात लग्न असलं की फुलांचे दागिने करून परडीत घालायचे आणि परडी तलावात सोडायची. देवी तसेच सोन्याचे दागिने वर पाठवायची. कार्य उरकलं की ते परत करायचे. पुढे कुणीतरी परत केले नाहीत आणि देवीने देणं थांबवलं. तलावाचं घेतलेलं तलावाला परत द्यायचं, हे इतक्या नीट सांगणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

उजाडताना पोचा. साडेआठनंतर रस्त्यावर वर्दळ सुरू होते आणि पक्षी पलीकडच्या काठाला सरकतात. आम्ही मंदिरापासून झाडीच्या कडेकडेने निघालो. पाण्यावर धुकं होतं आणि पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. धनेश आधी ऐकू येतो. त्याच्या पंखांची घरघर डोक्यावरून जाते आणि मग मान वर होते. जवळ उंबर किंवा वड फळलेला असेल तर त्याच्यासमोर बैठक मारा. आम्हाला तिथेच मलबारी कवड्या धनेशाची जोडी मिळाली. चोचीच्या टोकात फळ धरायचं, मान मागे टाकून ते हवेत उडवायचं आणि गिळायचं, असं कितीतरी वेळ चाललं होतं.

पाणमांजर, म्हणजे इकडचा ऊद, दिसला नाही, पण त्याचा पत्ता सापडला. पाण्यालगतच्या एका सपाट खडकावर काळपट विष्ठा होती. जवळून पाहिली तर तिच्यात माशांचे खवले चमकत होते आणि खेकड्याच्या कवचाचे लालसर तुकडे होते. वास उग्र, मासळीचा. ऊद अशा ठरलेल्या जागांवर पुन्हापुन्हा येतात. तो खडक सापडला तर त्यावर चढू नका, लांब बसा. काठावर गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना आम्ही विचारलं, तर म्हणाले, "हयसर गप बसा, गडबड करू नको. ते आपसूक येतले." संपूर्ण सहलीतला सर्वात उपयोगी सल्ला तोच. एका तळ्याला एक सकाळ द्या. तीन तळी एका दिवसात उरकणाऱ्याला फक्त पाणी दिसतं.

वालावल लहान आहे आणि दुपार उतरतीला लागल्यावर जावं. लक्ष्मीनारायणाच्या मंदिराशेजारीच तळं आहे आणि पलीकडे कर्ली नदीचं पात्र. इथे दुर्बीण बाजूला ठेवून काठावरचं गवत बघा. लव्हाळ्याच्या काडीला चतुराची कात चिकटलेली सापडते. पाठीवर उभी चीर, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या आणि आत पांढरे बारीक धागे. पाण्यात महिनोन्महिने डासांच्या अळ्या खाऊन वाढलेली अळी एका रात्री काडीवर चढते आणि चतुर होऊन उडून जाते. मुलांना घेऊन गेलात तर हेच दाखवा, धनेशापेक्षा जास्त लक्षात राहील.

पाटचा तलाव कुडाळहून म्हापण-परुळ्याकडे जाताना लागतो. पक्षी बघायचे तर माझं पहिलं मत पाटला. अडई बदकांचे थवे शीळ घालत उतरतात. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात वावरतात आणि कमळपक्षी लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवरून सहज चालतात. कमळपक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं. धोका वाटला की तो पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो आणि खाली फक्त त्यांचे पाय लोंबताना दिसतात. ते पावसाळ्यात. हिवाळ्यात लांब शेपटीच्या जातीची शेपटी गळालेली असते, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी ताडून गोंधळू नका. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतील.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सडे, म्हणजे जांभ्याची कातळपठारं, फुलतात आणि कातळावरची डबकी बेडकांनी भरतात, तेही सुंदर. पण पायाला जखम असेल तर शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका खरा आहे. बूट घोट्याच्या वर येणारे हवेत. कातळावर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो दगडांच्या फटीत बसतं, म्हणून दगड उलथू नका. फटीत हात तर मुळीच घालू नका. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः दोडामार्ग भागात, माकडताप आढळला आहे. तो गोचिडीतून पसरतो. रानातून आल्यावर अंग आणि कपडे तपासा आणि पुढे ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोहायचा मोह टाळा. कोकणातल्या नद्यांत मगरी आहेत, महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी त्यासाठी माहीतच आहेत. कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी गावात विचारलेलं बरं.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, विणीच्या काळात तर नकोच. मंदिराच्या आवारात चपला काढा आणि देवळाच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका. बांधावरून चालताना शेतकरी दिसला तर आधी विचारा. बहुतेक वेळा तोच पुढची वाट दाखवतो.

कुडाळ-मालवण एसटी धामापूरवरून जाते, त्यामुळे तिथे गाडीशिवायही जमतं. वालावल आणि पाटसाठी कुडाळहून रिक्षा किंवा भाड्याची दुचाकी सोयीची. परतीच्या एसटीची वेळ कुडाळ स्थानकात सकाळीच विचारून ठेवा. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गवा आडवा येतो, तेव्हा दुचाकी असेल तर उजेड असतानाच निघा.