आठशे मीटर

१९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धांत पी. टी. उषाने चार सुवर्णपदके मिळवली आणि दादरमधल्या आमच्या मुलींच्या शाळेत जी ती पळू लागली. मी तेव्हा दहावीत होते. व्यायामाच्या बाईंनी आंतरशालेय स्पर्धेतल्या आठशे मीटरसाठी माझे नाव निवडले आणि पालकांच्या सहीसाठी एक चिठ्ठी हातात दिली. ती चिठ्ठी आठ दिवस माझ्या भूगोलाच्या पुस्तकात राहिली. नवव्या दिवशी मी बाईंना सांगितले, की घरून परवानगी नाही.

पुढची बत्तीस वर्षे ‘आईने जाऊ दिले नाही’ असे मी मैत्रिणींना, नवऱ्याला आणि मोठी झाल्यावर मुलीलाही सांगत आले. सांगता सांगता ते मलाच खरे वाटू लागले होते. जानेवारी २०१९ मध्ये मुंबई मॅरेथॉनचे धावपटू आमच्या घराजवळच्या सावरकर मार्गावरून जात होते, तेव्हा आई आणि मी पदपथावर उभ्या होतो. साठीच्या पुढची एक बाई संथ पण एकसारख्या पावलांनी पुढून गेली आणि माझ्या तोंडून निघाले, “तू तेव्हा सही केली असतीस ना, तर मीही पळत राहिले असते.” आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कसली सही? अगं, तू मला कधी विचारलंस?”

खरोखरच मी विचारले नव्हते. अर्ध्या चड्डीत चारचौघांसमोर पळायला आई नाही म्हणेल, हे मी माझ्या मनाशीच ठरवून टाकले होते. त्या दिवसापर्यंत ज्या गोष्टीबद्दल मी तिला दोष देत होते, ती माझीच होती हे कळल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मी डायरी घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले: पुढच्या जानेवारीत अर्धमॅरेथॉन, दहा किलो वजन कमी, रोज पाच किलोमीटर. वय अठ्ठेचाळीस, बँकेतली बैठी नोकरी आणि शाळा सुटल्यापासून लोकल पकडण्यापलीकडे धावण्याचा काही सराव नाही, अशा बाईने लिहिलेली ही ध्येये होती. स्वप्ने मोठी बघावीत असे सगळेच सांगतात, पण ते मला आता पटत नाही, कारण त्या तिन्ही ओळींत उद्या पहाटे उठून नेमके काय करायचे हे कुठेच नव्हते.

एप्रिलपर्यंत माझ्या दोन्ही नडग्या इतक्या दुखू लागल्या, की जिना उतरताना कठडा धरावा लागे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा फिरवला आणि दुखरी जागा नेमकी सापडताच विचारले, “किती दिवसांत किती वाढवलंत?” मी चार आठवड्यांत शून्यावरून रोज पाच किलोमीटरवर गेले होते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात, आणि म्हणूनच नवा धावणारा दमामुळे नव्हे तर दुखण्यामुळे सोडून देतो, हे त्यांनी मला शांतपणे समजावले. सहा आठवडे धावणे बंद झाले. त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. बायकांचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते, माझे ९.६ निघाले. मला जो थकवा वयाचा वाटत होता, तो बराचसा लोहाच्या कमतरतेचा होता. पाळी जाण्याच्या वयात अनेकींना अतिरक्तस्राव होत असतो आणि आपण तो निमूटपणे सोसत राहतो. चाळिशी ओलांडलेल्या आणि धावायला निघालेल्या प्रत्येक बाईला मी हात जोडून सांगते, की बूट घेण्याआधी रक्त तपासून घ्या.

जूनमध्ये मी डायरीतले पान उलटले आणि फक्त एक ओळ लिहिली: मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी पोहोचणे. धावणे हा शब्दच त्यात नव्हता. पोहोचल्यावर पाऊस असेल, पाय जड असतील तर एक फेरी चालून परत यायची मला मुभा होती, आणि तरीही त्या दिवसापुढे बरोबरची खूण करायची. वर्षभरात अशा परत येण्याची वेळ जेमतेम सात-आठ वेळा आली, कारण एकदा बुटांची नाडी बांधून घराबाहेर पडलेला माणूस सहसा परत फिरत नाही.

मैदानाला वेढणाऱ्या कट्ट्याभोवतीची फेरी जवळपास १.२ किलोमीटरची आहे. सुरुवातीला मी एक मिनिट धावायची आणि दोन मिनिटे चालायची, दर पंधरवड्याने धावण्यात अर्धे मिनिट वाढवायची. शेजारून चालणाऱ्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवायचा हा नियम मला सगळ्यांत कठीण गेला, कारण त्या वेगात काठी घेऊन फिरणारे आजोबाही पुढे जातात. पण त्या नियमाने मला जितके टिकवून ठेवले तितके दुसऱ्या कशाने नाही. नोव्हेंबरात एका गुरुवारी मी न थांबता पूर्ण फेरी मारली. घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती पोहे परतत होती. तिने गॅस बंद केला आणि आधी माझ्या हातावर साखर ठेवली.

मग टाळेबंदी आली. त्या काळाबद्दल एवढेच सांगते, की इमारतीच्या गच्चीवर बेचाळीस पावलांची एक बाजू होती आणि मी ती सोडली नाही.

त्या रिकाम्या दिवसांत मी डायरीच्या मागच्या पानावर आणखी एक यादी केली. ज्या गोष्टी मी कधी विचारल्याच नाहीत, उत्तर ‘नाही’ असेल असे मनाशी धरून सोडून दिल्या, त्या सगळ्या तिथे लिहिल्या. अकरा निघाल्या. एका मैत्रिणीने बोलणे का सोडले हे मी विचारले नव्हते. फोन केला, आणि तिला वाटत होते की मीच सोडले. बँकेत मला कर्जविभागात काम करायचे होते, ते साहेबांकडे मागितले आणि तीन महिन्यांत मिळाले. मुलीला एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली आणि तिचे उत्तर ऐकून मला त्रास झाला, तरीही विचारले हे बरे झाले.

एक प्रश्न मात्र तसाच आहे. माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते दिवस त्यांनी कसे काढले, संध्याकाळी ते कुठे जाऊन बसायचे, हे मी त्यांना कधीच विचारले नाही आणि २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या खात्यातले एक काका परळला राहतात, त्यांच्याकडे मी दोन वेळा जाऊन बसले. त्यांनी बरेच सांगितले, पण ते त्यांचे दिवस होते, माझ्या वडिलांचे नव्हते. ही खंत धावून किंवा आणखी काही करून जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी ती ओळ खोडलेली नाही.

२०२१ आणि २०२२ च्या जानेवारीत मॅरेथॉन रस्त्यावर झालीच नाही. १५ जानेवारी २०२३ ला ती परत होणार असे जाहीर झाले तेव्हा मी नोंदणी केली. त्या पावसाळ्यात दर रविवारी कट्ट्यावरून सिद्धिविनायक, वरळी सी-फेस असे करत हाजीअलीपर्यंत जायचे आणि परत यायचे. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे, म्हणजे मंगळवारपर्यंत बूट कोरडे होतात. हे काम आईने स्वतःकडे घेतले. सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई रविवारी दुपारी जमिनीवर बसून माझ्या बुटांच्या पार टोकापर्यंत बोटांनी कागद सारायची, आणि मला ते बघवायचे नाही आणि नको असेही म्हणवायचे नाही.

अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरापासून सुरू झाली तेव्हा अंधार होता. समुद्रावरच्या वांद्रे-वरळी सी-लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. त्या पहाटे हजारो बुटांचा एकच आवाज त्या पुलावर होता, दोन्ही बाजूंना काळे पाणी आणि पुढे वरळीचे दिवे. मी मुंबईत जन्मले, पण माझे शहर मी समुद्राच्या बाजूने असे कधी पाहिले नव्हते. पेडर रोडचा चढ मी ठरवल्याप्रमाणे चालत चढले. तो संक्रांतीचा दिवस होता. चढाच्या माथ्यावर नऊवारीतल्या एक आजी डबा घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येकाच्या घामेजल्या हातावर तिळाची वडी ठेवत होत्या. मरीन ड्राइव्हवर ऊन वाढले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, मीठपाणी पिऊन मी खांब मोजत राहिले. २१.०९७ किलोमीटरला मला दोन तास एक्कावन्न मिनिटे लागली.

पदक आईच्या हातात दिले तेव्हा तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “आणि ते आठशे मीटर?”

महिलांची आठशे मीटरची शर्यत १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये झाली आणि बायकांना ती झेपत नाही असे म्हणून काढून टाकली गेली. ती परत आली १९६० मध्ये, बत्तीस वर्षांनी. मला त्याहून चार वर्षे अधिक लागली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, पार्कात गर्दी नसताना, मी फोनवर अंतर मोजून कट्ट्यालगत खडूने दोन रेघा मारल्या. आई दुसऱ्या रेघेपाशी कट्ट्यावर बसली आणि फोनवरचे घड्याळ कसे सुरू करायचे आणि कसे थांबवायचे ते तिने माझ्याकडून तीनदा विचारून घेतले. तिच्या हातातल्या फोनवर कॉल चालू ठेवून मी पहिल्या रेघेशी गेले आणि मुलीच्या फोनवरून ‘निघाले’ असे ओरडून धावत सुटले. शेवटच्या वळणावर आई मला दिसली, तेव्हा ती कट्ट्यावरून उतरून उभी राहिली होती. चार मिनिटे चव्वेचाळीस सेकंद.

घरी येऊन मी डायरीत तारीख आणि वेळ लिहिली, शाळेतल्या चिठ्ठीवर असायची तशी खाली ‘पालकांची सही’ अशी ओळ आखली आणि आईला विचारले. तिने चष्मा मागितला.