ठाण्यात राहून रोज नुसतं बसायचं म्हणजे... माझा अनुभव

आपल्याकडे घरात बाईने नुसतं बसलेलं कोणाला चालत नाही. झोपली तर दमली असेल म्हणतात, मोबाईल बघत बसली तरी कोणी काही बोलत नाही, पण डोळे मिटून सरळ बसली की लगेच "बसलीच आहेस तर जरा कोथिंबीर निवडून दे". रोज थोडा वेळ शांत बसायचं असं ठरवलं तेव्हा हे मला नीट कळलं.

आम्ही मानपाड्याला राहतो, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. माझं ऑफिस ऐरोलीला. लोकांना वाटतं किती जवळ, आणि ट्रेन ठाण्याहून खरंच दहा-बारा मिनिटांत पोचवते, पण मानपाड्याहून स्टेशन गाठेपर्यंत घोडबंदर रोडवर ट्रॅफिकचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी मी घरात असायचे आणि डोकं माजिवड्यालाच अडकलेलं. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आठवायचं नाही, डाळीचा पार लगदा.

ऑफिसमधली मैत्रीण इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आली होती. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बसणं, मोबाईल जमा, कोणाशी बोलायचं नाही आणि पहिले साडेतीन दिवस तर फक्त नाकाशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे बघायचं, त्याला आनापान म्हणतात. शिबिराची फी नसते, पण माझी अडचण पैशाची नव्हतीच, सलग दहा दिवस रजा देतंय कोण (आणि घर कोण बघणार ते वेगळंच). ती म्हणाली, शिबिराचं जमेल तेव्हा जमेल, श्वास तर घरीच आहे ना.

मग सुरू केलं. पहाटे पाचला बसायला गेले तर आमच्या बिल्डिंगला पाणी त्याच वेळेत सोडतात, भरा, मशीन लावा, तेवढ्यात दूधवाला. ॲप घेतलं, त्यातला माणूस अगदी हळू आवाजात सांगतोय समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा आणि वरून ऑफिसच्या ग्रुपचे मेसेज टिंग टिंग, डिलीट केलं. ट्रेनमध्ये बघितलं. ठाण्याहूनच सुटते म्हणून सीट मिळते कधीकधी, पण डोळे मिटून जरा स्थिर होतेय तोवर ऐरोली. २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं म्हणून एक थांबा वाढला, तेवढाच माझा फायदा. तलावपाळीला संध्याकाळच्या गर्दीत शांतता शोधायला जाणाऱ्याला माझा नमस्कार. उपवन, येऊर छान आहे, पण ते रविवारचं. रोज करायचं तर ते घरातल्या घरातच हवं, रिक्षा करून जाऊन रोज कोणी बसत नाही.

आणि उत्तर घरातच होतं. सासूबाई रोज सातला जपाला बसतात. तेव्हा बेल वाजू दे, फोन वाजू दे, त्या उठत नाहीत आणि त्यांना कोणी उठवतही नाही. मी विचारलं, "आई, तुमच्या शेजारी मी पण बसू का?"

"बस की. माळ घे."

"माळ नको, मी नुसती बसणार."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "देवाचं नाव घे नाहीतर नको घेऊ, पण माळ हातात धर. मग कोणी हाक मारणार नाही."

बाईंना सगळं माहीत होतं हो! आता माळेचा उपयोगही सापडला, एका मण्याला एक श्वास. १०८ मणी, आपण मिनिटाला साधारण बारा-पंधरा श्वास घेतो, बसल्यावर थोडे कमीच, म्हणजे एक माळ आठ-दहा मिनिटांची, टायमर लावायला नको. मेरुमणी (माळेच्या टोकाचा, जोडावरचा मणी) ओलांडायचा नाही हे त्यांनी बजावलंय, दुसरी माळ करायची तर तिथून उलटं फिरायचं. मध्येच उद्याच्या भाजीचा विचार आला की बोटं थांबलेली असतात, तेव्हा कळतं आपण कुठे गेलो होतो. पायाला मुंग्या यायच्या त्यावर सोपं आहे, चादरीची जाड घडी करून तिच्यावर बसायचं म्हणजे कंबर वर राहते आणि गुडघे आपोआप खाली टेकतात, नाहीतर सरळ खुर्चीवर बसा, काही बिघडत नाही.

आवाज असतातच. नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती कागदावर. शेजारचा मिक्सर, लिफ्टमधली बाई "कृपया दरवाजा बंद करा" ओरडतेय कारण पाचव्या मजल्यावर कोणीतरी उघडा टाकलाय. पण खरं सांगू, आवाजाचा त्रास नाही होत. माझ्या नावाने हाक आली की संपलं सगळं, बाकी मिक्सर चालू दे.

फार काही दिव्य घडलेलं नाही. बॉसचा मेल आला की चिडते अजून. पण आठच्या कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजते, आणि मुलगी शाळेतलं सांगते ते तिला परत विचारावं लागत नाही.

एकच प्रॉब्लेम उरलाय. सासूबाई गणपतीला देवरुखला गेल्या की एकट्या माझ्या माळेला घरात कोणी जुमानत नाही, नवरा सरळ येऊन विचारतो चार्जर कुठंय. म्हणून गच्चीची चावी मागितली, तर सेक्रेटरी म्हणाले मीटिंगमध्ये विषय घेऊ. मीटिंग कधी ते नोटीस बोर्डवर लागेल म्हणे.