शेक, पण ३९.५ वर

आमच्या घरात शेक म्हणजे रबराची लाल पिशवी, बुचापाशी नेहमी थोडी गळणारी, आणि त्यात पाणी उकळतं म्हणजे अगदी उकळतंच घालायचं, कारण कोमट पाण्यानं काय होणार असं आई म्हणायची. आजीकडे तर पिशवी पण नव्हती, ती जाडं मीठ तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि कंबरेवरून फिरवायची. मी चौदा वर्षांची असल्यापासून पाळीच्या पहिल्या दिवशी ती पिशवी पोटावर घेऊन पडायचे, पहिली दहा मिनिटं चटके, मग जरा बरं वाटतंय वाटतंय म्हणेपर्यंत पाणी गार, की परत उठा आणि पाणी तापवा.

नोकरी लागल्यावर ते पण संपलं. डोंबिवलीहून सीएसएमटी, सव्वा तास, बऱ्याचदा उभ्यानं, तिथे पिशवी कुठे घेऊन जाणार. मग गोळी, आणि गोळी रिकाम्या पोटी घेतली की दिवसभर पित्त. अशी अकरा वर्षं काढली.

मागच्या वर्षी मी शेकाचा तो पट्टा घेतला, जो फोनवरून चालतो. दिसायला साधा कंबरपट्टा, आत कार्बन फायबरची पातळ जाळी, बाजूच्या खिशात ५००० एमएएचची बॅटरी. पोटाला लागतो त्या बाजूला एक छोटा सेन्सर आहे, तो तापमान सारखं मोजत राहतो आणि सेट केलेल्या आकड्याच्या वर गेलं की करंट कमी होतो, खाली आलं की वाढतो. तापताना तो १० वॅटपर्यंत खातो, पण एकदा गरम झाला की टिकवायला बरंच कमी लागतं म्हणून माझा साधारण तीन तास जातो. हे सगळं फोनवर ब्लूटूथनं दिसतं, आणि मला नेमका कसा शेक हवा ते मी त्यात सेव्ह करून ठेवलंय, पहिली पंधरा मिनिटं ४१ आणि मग ३९.५.

पहिल्यांदा ऑफिसमध्ये लावला तेव्हा दुपारी मीटिंगमध्ये कळ यायला लागली, समोर दहा माणसं, आणि मी टेबलाखाली फोनवर आकडा एकानं वाढवला. कुणाला सांगावं लागलं नाही, उठावं लागलं नाही, तोंड वाकडं करून बसावं लागलं नाही. पाच-सात मिनिटांत ती गाठ सुटल्यासारखी झाली. मला खरंच रडू येईल असं वाटलं, इतकी वर्षं हे असं का नव्हतं म्हणून.

सुरुवातीला मी पण आईसारखंच करायचे, जास्त दुखतंय तर जास्त तापवा. मग वाचत गेले तेव्हा कळलं की आपल्या त्वचेतल्या नसांवर एक सेन्सर असतो, टीआरपीव्ही१ नावाचा, साधारण ४३ डिग्रीच्या पुढे तो पेटतो आणि मेंदूला सांगतो की भाजतंय. मिरचीची आग ओळखणारा पण हाच! डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या लॅबनं १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे ४३ च्या वर गेलं की आपण दुखण्यावर दुसरं दुखणं ठेवतो. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे गर्भाशय आवळतं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात, आणि उबेनं स्नायू सैल पडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याला चटका नको असतो, ऊब हवी असते आणि ती टिकून हवी असते. २००१ मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात बायकांना ३८.९ डिग्रीचा पॅच रोज १२ तास असा दोन दिवस लावायला दिला होता आणि त्याचा आराम दिवसातून तीन वेळा घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीच्या तोडीचा निघाला. ३८.९! आईच्या भाषेत कोमट पाणीच की.

आणि आईची गोष्ट तर मला सांगायचीच आहे. तिच्या कंबरेवर किती वर्षांपासून जाळीसारखे तपकिरी डाग होते, आम्हाला वाटायचं वयाचे असतील. दोन वर्षांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या पहिला प्रश्न विचारला, शेक घेता का रोज? काश्मीरमध्ये कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, अंगाशी घेऊन बसणाऱ्यांना पण अशीच जाळी येते म्हणाले, भाजण्याइतकी नसलेली पण रोजची उष्णता एकाच जागी लागून लागून. आईचा चेहरा पडला, कारण ती पिशवी तिचा एकमेव आधार होता. काही महिने शेक पूर्ण बंद, मग कमी तापमानाचा, कपड्यावरून, २० मिनिटं, असं त्यांनी सांगितलं. डाग आता बरेच फिके झालेत.

आता तिला पण पट्टा आणलाय, आणि तिचा आकडा ३९ च्या वर जाणार नाही असं लॉक मी लावलंय. तिला शुगर आहे, तळपायाला संवेदना कमी, त्यामुळे पायाला अजिबात नाही हे मी तिला दहादा सांगितलंय, चटका बसला तरी तिला कळणार नाही. ती टीव्ही बघता बघता झोपते आणि मला तीच भीती असते, कारण ४४ डिग्रीची वस्तू पण सहा तास त्वचेला चिकटून राहिली तर भाजतं. म्हणून टायमर असतोच, तरी मी स्वयंपाकघरातून फोनवर बघून बंद करते. पुण्याहून भाऊ म्हणाला मी पण बघत जाईन, पण ब्लूटूथ म्हणजे घरातल्या घरात दहाएक मीटर, तेवढंच.

मला न पटलेली गोष्ट एकच, या पट्ट्याला स्वतःचं बटण नाही. फोनची बॅटरी उतरली की सरळ वायर उपटायची, आणि आईच्या वयाच्या बाईला अंधारात ती सापडत नाही. घेणार असाल तर बटण आहे का आधी बघा, ४५-५५-६५ असे तीनच आकडे असलेले स्वस्तातले घेऊ नका, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर एक दिवस पण वापरू नका.

परवा आईचा ऑफिसात फोन आला, गुडघा दुखतोय, पट्टा बांधलाय, ३९ च ना गं? मी म्हटलं हो, ३९ च. पण कंबरेचा पट्टा गुडघ्याला नीट बसत नाही, सारखा सरकतो, तर आता गुडघ्याची जोडी शोधतेय, दोन्हीला वेगळा आकडा ठेवता येईल अशी, कारण तिचा उजवा जास्त दुखतो. कोणी वापरत असाल तर सांगा.